लॅपटॉप बॅटरीचा ऱ्हास

लॅपटॉप बॅटरीचा ऱ्हास म्हणजे लॅपटॉप संगणकातील पुन्हा पुन्हा चार्ज करता येणाऱ्या बॅटरीची विद्युत ऊर्जा साठवण्याची क्षमता वापराबरोबर आणि काळाबरोबर हळूहळू व कायमची कमी होत जाणे. आजच्या बहुतेक सर्व लॅपटॉपमध्ये लिथियम-आयन प्रकारची बॅटरी असते. या बॅटरीत मुख्य रासायनिक क्रियेच्या जोडीने काही अनिष्ट उपक्रियाही सतत चालू असतात. त्यांमुळे उपयोगी लिथियम घटते, विद्युत अग्रांची रचना बिघडते आणि बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. परिणामी नवा असताना एका चार्जवर पाच-सहा तास चालणारा लॅपटॉप काही वर्षांनी दोन-तीन तासांतच बंद पडू लागतो.

हा ऱ्हास पूर्णपणे थांबवता येत नाही, मात्र त्याचा वेग वापराच्या पद्धतीनुसार बराच बदलतो. उच्च तापमान आणि दीर्घकाळ टिकलेली पूर्ण चार्ज अवस्था ही त्याची दोन प्रमुख कारणे आहेत. ऱ्हास हा सहसा बॅटरीपुरता मर्यादित असतो. संगणकाचे इतर भाग सुस्थितीत असताना केवळ बॅटरी बदलून तो पुढे अनेक वर्षे वापरता येतो.

## पार्श्वभूमी

सुरुवातीच्या सुवाह्य संगणकांमध्ये शिसे-आम्ल आणि निकेल-कॅडमियम बॅटऱ्या वापरल्या जात. ॲपल कंपनीच्या १९८९ सालच्या मॅकिंटॉश पोर्टेबल या संगणकात शिसे-आम्ल बॅटरी होती आणि त्याचे वजन सात किलोग्रॅमहून अधिक होते. त्यानंतर काही काळ निकेल-मेटल हायड्राइड बॅटऱ्या प्रचलित होत्या.

लिथियम-आयन बॅटरीचा पाया १९७० च्या दशकात एम. स्टॅन्ले व्हिटिंगहॅम यांनी घातला. जॉन बी. गुडइनफ यांनी १९८० साली ऑक्सफर्ड विद्यापीठात लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा धन अग्रासाठी उपयोग दाखवून दिला. जपानमधील अकिरा योशिनो यांनी १९८५ साली शुद्ध लिथियम धातूऐवजी कार्बनयुक्त पदार्थाचे ऋण अग्र वापरून सुरक्षित घट तयार केला. सोनी कंपनीने १९९१ साली अशी बॅटरी प्रथम बाजारात आणली. या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

कमी वजनात जास्त ऊर्जा साठवण्याच्या गुणामुळे लिथियम-आयन बॅटरीने लॅपटॉपमधील जुन्या प्रकारांची जागा घेतली. आधी ही बॅटरी खटका सरकवून सहज काढता येत असे. पुढे संगणक पातळ होत गेले तशी ती आतच बसवली जाऊ लागली. २००८ साली आलेला मॅकबुक एअर हे त्याचे एक ठळक उदाहरण. या बदलामुळे झिजलेली बॅटरी बदलणे हे सामान्य वापरकर्त्याचे काम न राहता दुरुस्ती केंद्राचे काम झाले.

## रचना आणि कार्य

लॅपटॉपची बॅटरी म्हणजे एकमेकांना जोडलेल्या अनेक घटांचा संच असतो. जुन्या लॅपटॉपमध्ये १८ मिलिमीटर व्यासाचे व ६५ मिलिमीटर लांबीचे दंडगोल घट असत. या मापावरूनच त्यांना १८६५० हे नाव मिळाले. पातळ लॅपटॉपमध्ये चपट्या पिशवीच्या आकाराचे घट वापरतात. त्यांना सर्वसाधारणपणे लिथियम-पॉलिमर घट म्हटले जाते.

प्रत्येक घटाचे चार मुख्य भाग असतात :

* धन अग्र : लिथियम आणि कोबाल्ट, निकेल, मँगेनीज यांसारख्या धातूंचे मिश्र ऑक्साइड, ते ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर लेपलेले असते.
* ऋण अग्र : मुख्यतः ग्रॅफाइट, ते तांब्याच्या पातळ पत्र्यावर लेपलेले असते.
* विद्युत विच्छेद्य : कार्बनी द्रावकात विरघळवलेले लिथियमचे लवण. त्यातून लिथियमचे आयन प्रवास करतात.
* विभाजक पडदा : दोन्ही अग्रांना परस्परांपासून अलग ठेवणारा सूक्ष्म छिद्रांचा प्लॅस्टिकचा पडदा.

चार्ज करताना लिथियमचे आयन धन अग्रातून निघून ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. बॅटरी वापरताना ते उलट दिशेने परततात आणि त्याच वेळी बाहेरच्या परिपथातून इलेक्ट्रॉन वाहतात. घटाची क्षमता ही अशा रीतीने ये-जा करू शकणाऱ्या लिथियमच्या प्रमाणावर अवलंबून असते. जो आयन कोठेतरी कायमचा अडकतो, तो पुढील प्रत्येक फेरीला वजा होतो.

घटाची सरासरी व्होल्टता सुमारे ३.६ ते ३.७ व्होल्ट असते. पूर्ण चार्ज झाल्यावर ती साधारण ४.२ व्होल्टपर्यंत, तर काही नव्या प्रकारांत त्याहून थोडी वर जाते. तीन घट एकसरीत जोडल्यास ११.१ व्होल्ट मिळतात. अशा दोन माळा समांतर जोडल्या आणि प्रत्येक घट २.२ अँपिअर-तासांचा असला, तर संचाची क्षमता ४.४ अँपिअर-तास, म्हणजे सुमारे ४८.८ वॉट-तास होते.

संचासोबत एक नियंत्रक परिपथ असतो. तो प्रत्येक घटाची व्होल्टता, प्रवाह व तापमान मोजतो, मर्यादा ओलांडल्यास बॅटरी तोडतो आणि उरलेल्या चार्जची माहिती संगणकाला पुरवतो. बॅटरी आणि संगणक यांच्यातील या संवादासाठीचे एक प्रमाण ड्युरासेल व इंटेल या कंपन्यांनी १९९० च्या दशकात विकसित केले.

## ऱ्हासाची रासायनिक कारणे

### ऋण अग्रावरील थर

ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर विद्युत विच्छेद्याचे क्षपण होऊन एक अतिसूक्ष्म घन थर तयार होतो. या थराचे स्वरूप इस्रायली रसायनशास्त्रज्ञ इमॅन्युएल पेलेड यांनी १९७९ साली मांडले. हा थर लिथियमच्या आयनांना जाऊ देतो, पण इलेक्ट्रॉनांना अडवतो. त्यामुळे विद्युत विच्छेद्याचे पुढील विघटन मंदावते. हा थर नसता तर बॅटरी काही फेऱ्यांतच निकामी झाली असती. कारखान्यातील पहिल्याच चार्जमध्ये तो मुद्दाम घडवला जातो आणि त्यात लिथियमचा काही भाग खर्ची पडतो.

थर पूर्णपणे अभेद्य नसल्यामुळे तो पुढेही सावकाश जाड होत राहतो आणि प्रत्येक वेळी थोडे लिथियम गिळतो. चार्ज होताना ग्रॅफाइट सुमारे १० टक्क्यांनी फुगते व रिकामे होताना आकसते. या हालचालीमुळे थराला तडे जातात आणि उघड्या पडलेल्या जागी नवा थर बनतो. थर जितका जाड होईल तितकी त्याची वाढ मंद होते. त्यामुळे या कारणाने होणारी घट साधारणतः काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. उदाहरणार्थ, पहिल्या वर्षात या कारणाने ६ टक्के क्षमता गेली असल्यास चौथ्या वर्षाच्या अखेरीस ती घट २४ टक्के न होता सुमारे १२ टक्के होईल.

### धन अग्राची हानी

पूर्ण चार्ज अवस्थेत धन अग्रातील बरेचसे लिथियम निघून गेलेले असते आणि त्याची स्फटिकरचना कमी स्थिर झालेली असते. अशा वेळी उच्च व्होल्टतेमुळे विद्युत विच्छेद्याचे ऑक्सिडीकरण होते, धातूंचे आयन विरघळू लागतात आणि कणांना सूक्ष्म तडे जातात. विरघळलेले धातू ऋण अग्रापर्यंत पोहोचून तेथील थरालाही बिघडवतात.

### लिथियम धातूचा साका

बॅटरी थंड असताना किंवा फार वेगाने चार्ज केल्यास ग्रॅफाइटला लिथियम पुरेशा गतीने सामावून घेता येत नाही. मग ते पृष्ठभागावर धातुरूपात साचते. त्यातील काही भाग कायमचा निष्क्रिय होतो. असा साका वाढत गेल्यास विभाजक पडद्याला छेद जाऊन अंतर्गत मंडलसंक्षेप, म्हणजे शॉर्ट सर्किट, होण्याचा धोका असतो. म्हणूनच शून्य अंश सेल्सिअसखाली लिथियम-आयन बॅटरी चार्ज करणे टाळले जाते.

### अतिरिक्त विसर्जन

पूर्ण रिकामी बॅटरी महिनोन्‌महिने पडून राहिल्यास स्वयंविसर्जनामुळे घटाची व्होल्टता सुरक्षित पातळीच्या खाली जाते. अशा स्थितीत ऋण अग्राचा तांब्याचा पत्रा विरघळू शकतो. पुन्हा चार्ज करताना हे तांबे भलत्याच ठिकाणी साचते. हा धोका टाळण्यासाठी नियंत्रक परिपथ अशा बॅटरीला चार्ज होऊ देत नाही. दीर्घकाळ न वापरलेल्या लॅपटॉपची बॅटरी अचानक “मेलेली” आढळते, त्यामागे अनेकदा हे कारण असते.

## वापरजन्य आणि कालजन्य ऱ्हास

ऱ्हासाचे दोन भाग मानले जातात. चार्ज व विसर्जनाच्या फेऱ्यांमुळे होणारा तो वापरजन्य ऱ्हास आणि बॅटरी नुसती पडून असतानाही होणारा तो कालजन्य ऱ्हास. प्रत्यक्षात दोन्ही एकाच वेळी चालू असतात.

एक फेरी म्हणजे पूर्ण क्षमतेइतकी ऊर्जा वापरली जाणे. आज ६० टक्के आणि उद्या ४० टक्के बॅटरी वापरली, तर दोन दिवस मिळून एकच फेरी मोजली जाते. म्हणून चार्जर किती वेळा लावला याची संख्या आणि फेऱ्यांची संख्या सारखी नसते. सर्वसाधारण लॅपटॉप बॅटऱ्या ३०० ते ५०० फेऱ्यांनंतर, तर अधिक टिकाऊ प्रकार सुमारे १,००० फेऱ्यांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आसपास येतील, अशा अपेक्षेने बनवलेले असतात. ८० टक्के ही पातळी अनेक उत्पादक बॅटरीच्या उपयुक्त आयुष्याची सीमा म्हणून वापरतात. त्या क्षणी बॅटरी बंद पडते असा तिचा अर्थ नाही.

फेऱ्यांमधील सूक्ष्म हानीचा एकत्रित परिणाम किती मोठा असतो, हे साध्या गणितावरून दिसते. प्रत्येक फेरीत ९९.९ टक्के उपयोगी लिथियम टिकून राहिले, तर ५०० फेऱ्यांनंतर केवळ सुमारे ६१ टक्के उरेल. हेच प्रमाण ९९.९९ टक्के असल्यास सुमारे ९५ टक्के उरेल. चांगल्या आणि सुमार बॅटरीतील फरक असा दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांत दडलेला असतो.

कालजन्य ऱ्हास मुख्यतः तापमान आणि चार्जची पातळी यांवर अवलंबून असतो. बॅटरी एक वर्ष न वापरता ठेवल्यास मूळ क्षमतेपैकी साधारण किती टक्के उरते, याचे स्थूल अंदाज खाली दिले आहेत. घटाच्या प्रकारानुसार ते बदलतात.

| साठवणीचे तापमान | ४० टक्के चार्ज ठेवल्यास | १०० टक्के चार्ज ठेवल्यास |
|---|---|---|
| ०° से. | ९८ | ९४ |
| २५° से. | ९६ | ८० |
| ४०° से. | ८५ | ६५ |

## ऱ्हासाचा वेग ठरवणारे घटक

तापमान. रासायनिक क्रियांचा वेग तापमानाबरोबर वाढतो. दर १० अंशांच्या वाढीला तो साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. लॅपटॉपमध्ये बॅटरी ही प्रक्रियक आणि इतर तापणाऱ्या भागांजवळच असते. गादी, उशी किंवा मांडीवर ठेवल्याने हवेची छिद्रे झाकली गेल्यास, अथवा पंख्यात धूळ साचल्यास बॅटरीचे तापमान आणखी वाढते. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेथे बंद खोलीत किंवा उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ठेवलेल्या लॅपटॉपची बॅटरी न वापरताही लवकर झिजते.

चार्जची पातळी. लॅपटॉप दिवसरात्र चार्जरला जोडलेला असल्यास बॅटरी सतत उच्चतम व्होल्टतेला राहते. त्यातच संगणकाच्या उष्णतेची भर पडते. कार्यालयातील टेबलावर कायम जोडलेल्या लॅपटॉपच्या बॅटरीच्या फेऱ्या अत्यल्प असूनही क्षमता बरीच घटलेली आढळते, ती यामुळे.

विसर्जनाची खोली. १०० टक्क्यांपासून शून्यापर्यंतची एक पूर्ण फेरी ही तेवढ्याच ऊर्जेच्या अनेक उथळ फेऱ्यांपेक्षा अधिक ताण देते. मधल्या पट्ट्यातील वापर घटाला सर्वांत मानवतो.

चार्जिंगचा वेग. जलद चार्जिंगमुळे घट तापतो व लिथियमचा साका होण्याची शक्यता वाढते. नियंत्रक परिपथ बॅटरी भरत आली की प्रवाह कमी करतो; त्यामुळे शेवटच्या टप्प्याला तुलनेने जास्त वेळ लागतो.

## लक्षणे आणि परिणाम

* एका चार्जवर संगणक चालण्याचा काळ कमी होणे.
* पडद्यावर २० किंवा ३० टक्के शिल्लक दिसत असताना संगणक अचानक बंद पडणे. अंतर्गत रोध वाढल्यामुळे जास्त प्रवाह ओढताच व्होल्टता एकदम खाली येते आणि संरक्षक परिपथ पुरवठा तोडतो.
* शिल्लक टक्केवारीत मोठ्या उड्या दिसणे.
* चार्जर न लावता काम करताना संगणक मंदावणे. काही संगणक दुबळ्या बॅटरीवर प्रक्रियकाचा वेग आपोआप मर्यादित करतात.
* बॅटरी फुगणे.

ऱ्हासाचा आलेख नेहमी सरळ नसतो. बराच काळ घट संथ राहते आणि एका टप्प्यानंतर ती अचानक तीव्र होते. त्यामुळे दोन-तीन वर्षे व्यवस्थित चाललेली बॅटरी काही महिन्यांतच निरुपयोगी झाल्याचा अनुभव येतो. परीक्षा, मुलाखत किंवा ऑनलाइन वर्ग यांसाठी लॅपटॉपवर अवलंबून असणाऱ्यांना, विशेषतः वीजपुरवठा वारंवार खंडित होणाऱ्या भागांत, याचा मोठा फटका बसू शकतो.

## मापन

बॅटरीच्या स्थितीचे मापन मुख्यतः दोन आकड्यांवरून होते. पहिला अभिकल्पित क्षमता, म्हणजे नव्या बॅटरीसाठी उत्पादकाने ठरवलेली क्षमता. दुसरा सध्याची पूर्ण चार्ज क्षमता, म्हणजे आज पूर्ण चार्ज केल्यावर मिळणारी क्षमता. दुसऱ्याला पहिल्याने भागून १०० ने गुणले की बॅटरीचे आरोग्य टक्क्यांत मिळते.

उदाहरणार्थ, अभिकल्पित क्षमता ५० वॉट-तास आणि सध्याची क्षमता ३८ वॉट-तास असल्यास आरोग्य ७६ टक्के, म्हणजेच झीज २४ टक्के होय. हा लॅपटॉप सरासरी १० वॉट शक्ती वापरत असेल, तर तो पूर्वी पाच तास चालत असे. आता सुमारे ३ तास ४८ मिनिटे चालेल.

विंडोज प्रणालीत आज्ञापटलावर ‘पॉवरसीएफजी’ ही आज्ञा ‘बॅटरीरिपोर्ट’ या पर्यायासह दिल्यास हे दोन्ही आकडे, क्षमतेचा इतिहास आणि अनेक संगणकांत फेऱ्यांची संख्याही देणारा अहवाल तयार होतो. मॅकओएसमध्ये फेऱ्यांची संख्या व बॅटरीची स्थिती प्रणालीच्या माहितीपत्रकात दिसते. लिनक्समध्ये ‘यूपॉवर’ या साधनाने ही माहिती मिळते.

हे आकडे नियंत्रक परिपथाने आत-बाहेर जाणारा प्रवाह मोजून काढलेले अंदाज असतात. दीर्घकाळ उथळ फेऱ्याच झाल्यास अंदाज चुकत जातो. बॅटरी एकदा जवळजवळ पूर्ण वापरून नंतर सलग पूर्ण चार्ज केल्यास मापक पुन्हा अचूक होतो. यालाच अंशांकन म्हणतात. अंशांकनाने केवळ मोजणी सुधारते. गमावलेली क्षमता परत येत नाही.

## ऱ्हास मंदावण्याचे उपाय

* लॅपटॉप बहुतांश काळ चार्जरवर चालत असल्यास चार्जची कमाल मर्यादा ८० टक्क्यांच्या आसपास ठेवणे. लेनोव्हो, एसुस, डेल आदी कंपन्यांच्या अनेक संगणकांत अशी सोय असते. ॲपलने २०२० साली मॅकओएसमध्ये बॅटरीच्या आरोग्याचे व्यवस्थापन आणले.
* प्रवास किंवा परीक्षेसारख्या प्रसंगी १०० टक्के चार्ज करण्यास हरकत नसते. मात्र तो निघण्याच्या थोडे आधी पूर्ण व्हावा.
* संगणक टणक व सपाट पृष्ठभागावर ठेवणे आणि हवेचे मार्ग व पंखा स्वच्छ ठेवणे.
* रोजच्या वापरात बॅटरी शून्यापर्यंत नेण्याचे टाळणे.
* काही महिने लॅपटॉप वापरायचा नसल्यास बॅटरी ४० ते ६० टक्के चार्ज करून, संगणक पूर्ण बंद करून, थंड व कोरड्या जागी ठेवणे आणि दर दोन-तीन महिन्यांनी चार्ज तपासणे.
* पडद्याची प्रखरता कमी ठेवणे व अनावश्यक कार्यक्रम बंद करणे. यामुळे ऊर्जा कमी खर्च होते आणि फेऱ्याही कमी होतात.

## प्रचलित गैरसमज

“बॅटरी पूर्ण संपल्याशिवाय चार्ज करू नये.” हा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातील आहे. त्या बॅटरीत अर्धवट फेऱ्यांमुळे ‘स्मृती परिणाम’ दिसत असे. लिथियम-आयन बॅटरीला तो लागू नाही. उलट पूर्ण विसर्जन तिला अपायकारक ठरते.

“चार्जर लावून ठेवल्यास बॅटरी अतिचार्ज होते.” पूर्ण चार्ज होताच नियंत्रक परिपथ चार्जिंग थांबवतो आणि संगणक थेट चार्जरवर चालतो. हानी होते ती अतिचार्जमुळे नव्हे, तर उच्च व्होल्टता व उष्णता यांच्या दीर्घ सहवासामुळे.

“नवी बॅटरी प्रथम आठ-दहा तास चार्ज करावी.” लिथियम-आयन बॅटरीची प्राथमिक जडणघडण कारखान्यातच पूर्ण झालेली असते. घरी तिला अशा संस्काराची गरज नसते.

“सॉफ्टवेअरने झिजलेली बॅटरी दुरुस्त होते.” कोणतेही सॉफ्टवेअर निष्क्रिय झालेले लिथियम परत आणू शकत नाही.

## सुरक्षितता

ऱ्हास पावणाऱ्या घटात विद्युत विच्छेद्याच्या विघटनातून वायू निर्माण होतात आणि पिशवीच्या आकाराचा घट फुगतो. स्पर्शफलक वर उचलला जाणे, कळफलकाला उंचवटा येणे, झाकण नीट न मिटणे किंवा संगणक टेबलावर डुगडुगणे ही फुगलेल्या बॅटरीची चिन्हे होत. अशी बॅटरी दाबणे, टोचणे वा चार्ज करणे धोकादायक असते. संगणक बंद करून, चार्जर काढून, ती जाणकाराकडून काढून घेणे आवश्यक ठरते.

अंतर्गत शॉर्ट सर्किट झाल्यास घटाचे तापमान अनियंत्रितपणे वाढून आग लागू शकते. या घटनेला तापीय अनावरता म्हणतात. ऑगस्ट २००६ मध्ये डेल कंपनीने सुमारे ४१ लाख आणि ॲपलने सुमारे १८ लाख लॅपटॉप बॅटऱ्या परत मागवल्या. त्यांतील घट सोनीने बनवले होते आणि निर्मितीच्या वेळी आत शिरलेले धातूचे सूक्ष्म कण हे त्यामागील कारण होते. ही घटना निर्मितीतील दोषाची होती. सामान्य झिजेमुळे आग लागण्याचे प्रकार विरळ आहेत.

विमानप्रवासात १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटरीचा लॅपटॉप जवळ बाळगता येतो. १०० ते १६० वॉट-तासांच्या बॅटरीसाठी विमान कंपनीची परवानगी लागते. सुट्ट्या बॅटऱ्या मालकक्षातील सामानात ठेवण्यास मनाई आहे. अनेक मोठ्या लॅपटॉपची बॅटरी १०० वॉट-तासांच्या किंचित खाली ठेवली जाते, ती या नियमामुळे.

## बॅटरी बदलणे

आरोग्य ६० ते ७० टक्क्यांच्या खाली गेल्यावर, संगणक अचानक बंद पडू लागल्यास किंवा बॅटरी फुगल्यास ती बदलली जाते. मूळ उत्पादकाची किंवा प्रमाणित बॅटरी घेणे इष्ट असते. भारतात लिथियम घट व बॅटऱ्यांसाठी भारतीय मानक ब्युरोची आयएस १६०४६ या मानकानुसार नोंदणी बंधनकारक असून तिचे चिन्ह बॅटरीवर छापलेले असते. न वापरता दुकानात पडून राहिलेली बॅटरीही काळाबरोबर झिजते. त्यामुळे निर्मितीची तारीख पाहणे महत्त्वाचे ठरते.

संचातील एकच खराब घट बदलणे सहसा योग्य ठरत नाही. नव्या व जुन्या घटांची क्षमता आणि रोध वेगळे असल्याने दुबळ्या घटांवर अधिक ताण येतो. वापरलेला लॅपटॉप विकत घेताना पूर्ण चार्ज क्षमता व फेऱ्यांची संख्या तपासल्यास बॅटरीच्या खर्चाचा अंदाज आधीच येतो.

युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमनानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणांतील लहान बॅटऱ्या, काही अपवाद वगळता, वापरकर्त्याला स्वतः काढता व बदलता आल्या पाहिजेत.

## पुनर्वापर आणि विल्हेवाट

लॅपटॉपसाठी निकामी ठरलेल्या संचातील सर्वच घट निकामी नसतात. आयबीएमच्या भारतातील संशोधकांनी २०१४ साली टाकून दिलेल्या लॅपटॉप बॅटऱ्यांपासून दिवे व पंखे चालवणारे ‘ऊर्जार’ हे उपकरण तयार केले. त्यांनी तपासलेल्या बॅटऱ्यांपैकी किमान ७० टक्के बॅटऱ्यांत एक एलईडी दिवा वर्षभर रोज चार तासांहून अधिक काळ चालवण्याइतकी क्षमता शिल्लक होती. असे घट वेगळे करून वापरण्यासाठी मात्र प्रत्येकाची तपासणी आणि संरक्षक परिपथ अनिवार्य असतो. घरगुती पातळीवर हे काम धोक्याचे आहे.

निकामी बॅटरीतून कोबाल्ट, निकेल, तांबे आणि लिथियम परत मिळवता येते. जगातील निम्म्याहून अधिक कोबाल्ट काँगो लोकशाही प्रजासत्ताकातील खाणींतून येते. त्यामुळे या पुनर्प्राप्तीला आर्थिक व सामाजिक महत्त्व आहे. भारतात बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ अन्वये वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचे पुनर्चक्रण करण्याची जबाबदारी उत्पादकांवर असून त्या कचराभूमीत पुरण्यास वा जाळण्यास मनाई आहे. या नियमांनी २००१ च्या नियमांची जागा घेतली. लिथियम बॅटरी ओल्या किंवा सुक्या घरगुती कचऱ्यात टाकल्यास कचरागाडीत चिरडली जाऊन आग लागू शकते. म्हणून तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावून ती अधिकृत ई-कचरा संकलन केंद्राकडे सोपवणे अपेक्षित असते.

## हेही पहा

* लिथियम-आयन बॅटरी
* विद्युत घट
* ई-कचरा
* लॅपटॉप